बालकांचा शिष्टाचार आणि ‘दंडवत’



गेल्या चातुर्मासात एका गावी लीळानिरूपण आटोपल्यावर एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलास घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, “बाबा, याला तुम्हीच काही सांगा. घरी शंभर वेळा शिकविते, पण चारचौघांत हा दंडवत म्हणून करीत नाही. आमची मान खाली जाते.” एवढे बोलून त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ते खाली दाबले. मुलाने मान ताठ केली, डोळ्यांत पाणी आणले आणि पदराआड तोंड लपविले. मी ‘राहू द्या, मोठा झाला की करील’ असे म्हणून वेळ मारून नेली. बाई गेल्या, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते. आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. कारण ‘मोठा झाला की करील’ हे उत्तर नव्हे. मोठे होऊनही न करणारे पुष्कळ आहेत आणि नुसते हात जोडून मनात तिरस्कार बाळगणारे त्याहून अधिक आहेत. त्या माउलीच्या प्रश्नाचा नीट विचार करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम तिच्याच शब्दांकडे पाहू. ‘आमची मान खाली जाते’ असे ती म्हणाली. म्हणजे मुलाची मान वाकत नाही याचे दुःख नसून, त्यामुळे आपली मान वाकते याचे दुःख होते. यात त्या बाईंचा दोष दाखविण्याचा हेतू नाही. आपणा सर्वांचीच ही स्थिती आहे. पाहुणे आले की आपण मुलाला पुढे करतो, ‘दंडवत कर’, ‘नाव सांग’, ‘श्लोक म्हणून दाखव’ असे फर्मावितो, आणि त्या क्षणी मूल हे शिकणारा जीव न राहता आपल्या घराची शोभा होऊन बसते. जी गोष्ट शोभेसाठी शिकविली जाते ती शोभेपुरतीच राहते. मूल फार लवकर ओळखते की, हा सर्व खटाटोप समोरच्या माणसासाठी नाही, बघणाऱ्यांसाठी आहे.

आपल्या पंथात ‘आचार’ हा शब्द मोठ्या वजनाचा आहे. सूत्रपाठात आचार आणि विचार अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. तो आचारधर्म ज्ञान झालेल्या, बोध घेतलेल्या साधकासाठी आहे. दोन-चार वर्षांच्या बालकावर त्याचा भार घालणे योग्य नव्हे. परंतु त्या आचाराच्या मुळाशी जी अहिंसा आहे, तिचे बीज मात्र बालवयातच पडते. हिंसा ही केवळ शस्त्राने होत नाही. ती कायेने, वाचेने आणि मनानेही होते, हे आपण नित्य सांगतो. आजोबा झोपले असता त्यांच्या उशाशी ताट आपटणे ही कायिक पीडा होय. ‘तू काळी आहेस’ असे खेळगडीला चिडविणे ही वाचिक पीडा होय. मग शिष्टाचार म्हणजे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे, दुसऱ्या जीवाला आपल्यामुळे होणारी लहानशी पीडाही ओळखणे आणि टाळणे, हाच बालकाचा शिष्टाचार. हात जोडणे, ‘जी’ म्हणणे, वाट देणे, थांबणे ही त्याची अंगे आहेत. अंगांचा अभ्यास करून घेतला आणि प्राण तसाच राहिला, तर जे उरते त्याला दांभिकपणा म्हणतात. आणि दंभ शिकविण्यास चार वर्षांचे वय फारच लहान आहे.

आता ‘दंडवत’ या शब्दाचाच विचार करू. दण्डवत् म्हणजे दंडासारखे, काठीसारखे. उभी काठी सोडून दिली तर ती जशी सर्वांगाने भूमीवर पडते, तसे पडणे. काही हातचे न राखता केलेला हा नमस्कार आहे. व्यवहारात आपण हात जोडून केवळ शब्दाचा उच्चार करतो. परंतु या उच्चारात आपल्या पंथाची एक विशेष रीत आहे, तिच्याकडे सवयीमुळे आपले लक्ष जात नाही. लौकिकात लहानाने नमस्कार केला असता मोठा माणूस आशीर्वाद देतो. नमस्कार खालून वर जातो व आशीर्वाद वरून खाली येतो. आपल्याकडे ‘दंडवत’ म्हटले असता समोरचाही ‘दंडवत’ असेच म्हणतो. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात हीच रीत. आणि पंजाबात, जेथे आपला पंथ जयकृष्णी या नावाने ओळखला जातो, तेथेही हीच. जो शब्द दिला तोच परत मिळतो. त्यात वडीलकी मोडत नाही, तरीही जीव म्हणून दोघेही परमेश्वरापुढे सारखेच अज्ञ व सारखेच त्याच्या कृपेचे याचक आहेत, ही जाणीव त्यातून प्रकट होते.

मग असे असता आपण बालकाच्या दंडवताला काय उत्तर देतो? बहुधा ‘शहाणा आहे हो!’ असे म्हणतो, गालाला चिमटा घेतो, किंवा त्याच्याकडे न बघता त्याच्या वडिलांशी बोलू लागतो. म्हणजे त्याने टाकलेला शब्द भूमीवर पडतो. आपला दंडवत कोणी परत केला नाही तर आपणास किती लागते! मुलालाही तसेच लागते, फक्त त्याला ते सांगता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की, शिकविणाऱ्याने मुलाला आधी दंडवत म्हणावे. त्याच्या उंचीला यावे, हात जोडावे, त्याचे नाव घेऊन म्हणावे आणि त्याने उत्तर दिले नाही तरी मुद्रा बदलू नये. चार दिवस, महिना, सहा महिने गेले तरी चालतील. मूल बोलावयास शिकते ते ऐकून. नमस्कार करावयास शिकते तेही ऐकून आणि पाहून.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. एक जुना प्रसंग सांगतो. तेव्हा मी पंचविशीतला, शास्त्राध्ययन नुकतेच पुरे केलेला आणि त्याचा गर्व असलेला असा होतो. आश्रमात सकाळच्या वेळी भाजी देण्यास एक माळी येत असे. त्याच्याबरोबर त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा असे. एके दिवशी मुलगा माझ्या समोरून तसाच निघून गेला. मी त्याला हाक मारून सर्वांदेखत विचारले, “आश्रमात कसे वागावे हे घरी शिकविले नाही काय?” आणि त्याला परत दारापर्यंत पाठवून, पुन्हा आत येऊन दंडवत करावयास लावले. त्याने केला. बघणारे चार भिक्षुक हसले. त्याचा बाप टोपली हातात धरून ओशाळवाणा उभा होता. माझ्या मनात त्या वेळी एक कर्तव्य पार पाडल्याचे समाधान होते. दुसऱ्या दिवसापासून मुलगा दाराबाहेर बैलगाडीजवळ बसू लागला आणि पुढे तर यावयाचाच थांबला. आमच्यातील एक वृद्ध तपस्विनी मला एवढेच म्हणाल्या, “बाबा, त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती तुम्हालाच द्यायला तो चालला होता.” मी ज्याला अशिष्ट म्हटले तो माझ्यासाठी काही घेऊन येत होता, आणि मी त्याचे हात रिकामे करून ते जोडावयास लावले. ही पीडा मी केली. त्याचे प्रायश्चित्त कोणत्या ग्रंथात शोधावे हे मला अद्याप कळले नाही.

त्या जुडीची आठवण मला अलीकडे पुन्हा झाली. परदेशी विद्वानांनी बालकांविषयी केलेल्या काही प्रयोगांचा वृत्तांत वाचनात आला. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो या दोन संशोधकांनी अठरा महिन्यांच्या मुलांसमोर असे प्रसंग आणले की, एका अनोळखी माणसाच्या हातून वस्तू खाली पडते आणि त्याचा हात तिथवर पोहोचत नाही, किंवा हात भरलेले असल्याने त्याला कपाट उघडता येत नाही. बहुतेक मुलांनी कोणी न सांगता, काहीही न मिळता, उठून त्याला साहाय्य केले. ज्या वयात मुलाला धड बोलता येत नाही, त्या वयात त्याला दुसऱ्याची अडचण दिसते! याच दोघांनी २००८ साली आणखी एक गोष्ट दाखविली. वीस महिन्यांच्या ज्या मुलांना साहाय्य केल्याबद्दल खेळणे बक्षीस दिले, ती मुले पुढे बक्षीस बंद झाल्यावर इतरांपेक्षा कमी साहाय्य करू लागली. आमच्या आजीबाई हे प्रयोगशाळेवाचून जाणून होत्या. रांगते पोर खाली पडलेली त्यांची जपमाळ उचलून आणून देई, तेव्हा त्या तिचा स्वीकार करीत आणि ‘सापडली बाई माझी माळ’ एवढेच म्हणत. खडीसाखर देत नसत. खडीसाखर द्यावयाची ती निराळ्या वेळी, सर्व मुलांना सारखी.

तेव्हा ‘दंडवत केलास तर चॉकलेट देईन’ हा जो सांप्रत घरोघरी सौदा चालतो, तो सोडून द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चॉकलेट वाईट म्हणून नव्हे. मुलाजवळ आधीच जे होते त्याची आपण किंमत लावतो, आणि किंमत लागली की वस्तू विकाऊ होते.

मुलाला सांगावे ते कोणत्या भाषेत? आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांचा प्रसंग सर्वांस विदित आहे. केशोबास पंडित संस्कृताकडे वळू लागले, तेव्हा भटोबासांनी त्यांस आवरले. कारण ते ज्ञान संस्कृतात गेले असते तर साध्या, वृद्ध बाया त्यास मुकल्या असत्या. ज्याला सांगावयाचे त्याच्या भाषेत सांगावे, हा आपल्या पंथाचा बाणा आहे. परंतु घरात मुलांशी आपण काय बोलतो? ‘नीट वाग’, ‘शिस्तीत राहा’, ‘शहाण्यासारखे कर’. तीन वर्षांच्या मुलाला हे संस्कृतच होय. ‘नीट’ म्हणजे कसे, हे त्याला दिसत नाही. त्याऐवजी ‘आजी झोपली आहे, पाय न वाजविता चल’, ‘बाबा बोलत आहेत, तुला सांगायचे असेल तर माझ्या हाताला हात लाव, मी थांबून ऐकते’ असे सांगितले तर ते त्याला करता येते. आणि मुलाने हाताला हात लावला, तर खरोखरच थांबून ऐकावे. आपले बोलणे अर्धा घटका चालवून मग ‘काय रे?’ म्हटले, तर पुढच्या वेळी तो ओरडणारच. ‘करू नको’ हे सांगणे सोपे असते. काय करावे हे सांगण्यास आपणास क्षणभर विचार करावा लागतो, म्हणूनच आपण ते टाळतो.

शिष्टाचाराची खरी शाळा मला पंगतीत दिसते. उपहार दाखविल्यानंतर पंगत बसते. भूक लागलेली असते, वास येत असतो आणि वाढप सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत थांबावयाचे असते. मोठ्यांनाही हे जड जाते. लहान मुलाला तेथे नुसते ‘थांब’ म्हणून बसविले तर ते चुळबुळ करणार, भाताला हात लावणार आणि मार खाणार. त्याऐवजी त्याला वाढप्यांत घ्यावे. तीन वर्षांच्या मुलाला मीठ वाढता येते. थोडे सांडेल. चार वर्षांच्या मुलीला प्रत्येकाच्या पानापुढे द्रोण ठेवता येतो. ज्याने स्वतः वाढले त्याला शेवटच्या माणसाचे रिकामे पान दिसते. आणि शेवटचे पान एकदा डोळ्यांना दिसले की थांबण्याचे कारण सांगावे लागत नाही. प्रसाद वाटण्याचेही असेच. आपण मुलाच्या हातावर प्रसाद ठेवतो व ‘ताईला दे’ म्हणतो, तेव्हा त्याला ते आपल्या वस्तूचा तुकडा तोडून देणे वाटते. त्याच्या हाती वाटीच द्यावी. वाटीतील वस्तू त्याची नाही, तो देणारा आहे. दोन वर्षांचे मूल ‘माझे, माझे’ म्हणते यात लोभ मानण्याचे कारण नाही. ‘मी’ आणि ‘माझे’ यांची सीमा ते प्रथमच आखत असते. ती आखून झाल्यावाचून देणे म्हणजे काय, हेही कळावयाचे नाही.

यापेक्षा कठीण प्रसंग म्हणजे मुलांच्या प्रश्नांचा. यात्रेत किंवा स्थानवंदनास गेले असता एखाद्या पांगळ्या माणसाकडे बोट दाखवून मूल मोठ्याने विचारते, “आई, याला एक पाय का नाही?” आई मुलाच्या तोंडावर हात ठेवते, चिमटा काढते, ओढीत पुढे नेते. त्या पांगळ्या माणसाला प्रश्नाने जेवढे लागले नसेल तेवढे या ओढून नेण्याने लागते. कारण आपण बघण्यासारखे नाही, बोलण्यासारखे नाही, हेच त्याला त्यातून कळते. मुलालाही तेच कळते. चार वर्षांच्या आतील मुलाला दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा निराळे काही असू शकते, याची जाणीव पुरती झालेली नसते. त्याचा प्रश्न निष्कपट असतो. आपल्या पंथात प्रश्न विचारणाऱ्याला कधी दडपले गेले नाही. महदाइसा सर्वज्ञांना एकामागून एक प्रश्न विचारीत, आणि त्यांच्या त्या जिज्ञासेचा ग्रंथांत गौरवच आहे. लीळाचरित्रातील कितीतरी निरूपण कोणी तरी काही तरी विचारले म्हणूनच आपल्या हाती आले आहे. तेव्हा मुलाला सांगावे, “काहींचा पाय आजाराने जातो, काहींचा अपघाताने. ते काठीच्या आधाराने चालतात. चल, आपण त्यांना दंडवत करू.” आणि आपण स्वतः करावा. बोट दाखविल्याने माणसाला कसे वाटते, हे नंतर घरी, मांडीवर घेऊन सांगावे. चारचौघांत दिलेली शिकवण मुलाच्या कानापर्यंत जातच नाही, कारण त्या वेळी त्याचे कान लाजेने भरलेले असतात.

अपराध झाला असता काय करावे? झाँ पियाजे या शास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांना विचारलेली एक गोष्ट आहे. एका मुलाने दार उघडताना, दारामागे काय आहे हे ठाऊक नसता, पंधरा पेले फुटले. दुसऱ्याने मुरंबा चोरून खाण्यासाठी चढताना एक पेला फोडला. अधिक वाईट कोण? लहान मुले म्हणतात, पंधरा फोडणारा. त्यांची दृष्टी हानीवर असते, हेतूवर नसते. हेतूकडे बघणे पुढे हळूहळू येते. आता आपण मोठी माणसे काय करतो ते पाहा. दुधाचे पातेले चुकून लवंडले तर घर डोक्यावर घेतो, आणि धाकट्या भावाला मुद्दाम रडविले तर ‘मुले आहेत, चालायचेच’ म्हणतो. म्हणजे आपणही पेलेच मोजतो!

त्यानंतर येते ती जबरदस्तीची क्षमायाचना. ‘सॉरी म्हण. म्हण आधी!’ मूल दात आवळून म्हणते. शब्द निघाला, की आपले समाधान होते. आपल्या शास्त्रात प्रायश्चित्ताच्या आधी अनुताप आणि अनुसोच सांगितला आहे. झालेल्या दोषाची मनाला टोचणी लागली पाहिजे, त्यावाचून केलेले प्रायश्चित्त कोरडे होय. मोठ्या साधकाला हा नियम आणि बालकाला मात्र कोरडा शब्द पुरे, असे कसे? ज्या मुलाने धक्का दिला त्याला पडलेल्या मुलाजवळ न्यावे, त्याचे खरचटलेले ढोपर दाखवावे, ‘पाणी आण, आपण धुऊ’ असे म्हणावे. ढोपर धुताना त्या मुलाचा हात किती हळू चालतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला अनुसोच म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. शब्द मागून येईल. कदाचित त्या दिवशी येणार नाही. दूध सांडले तर फडके हाती द्यावे, रागावणे बाजूस ठेवून दोघांनी मिळून पुसावे.

मारण्याविषयी अधिक लिहीत नाही. शाळांमध्ये शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. आपल्याला तर त्याच्या कितीतरी आधी सर्वज्ञांनी बंदी केली आहे. मुंगी चुकवून चालणारा सद्भक्त घरी मुलाच्या पाठीत धपाटा घालतो, हे मी पाहिले आहे आणि त्याला तसे बोलूनही दाखविले आहे. त्याने उत्तर दिले, “बाबा, तुम्हाला मुले नाहीत.” हे खरे आहे. थकून घरी आलेल्या माणसाचा तोल जातो, हेही खरे. तोल गेल्यावर मुलाजवळ जाऊन ‘माझे चुकले’ म्हणण्याची लाज मात्र वाटू नये. क्षमा कशी मागावी हे मुलाला दाखविण्याची तीच एक सोय आहे.

‘अरे’ आणि ‘अहो’ यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ पालकांना वाटते की मूल आईला ‘ए आई’ म्हणते, ‘तू’ म्हणते, यात उद्धटपणा आहे. मला तसे वाटत नाही. मराठीत आईला आणि देवाला ‘तू’ म्हणण्याची रीत जुनी आहे, ते जवळिकीचे लक्षण आहे. उद्धटपणा निराळ्या ठिकाणी शोधावा. जे मूल महंतांना ‘बाबाजी’ म्हणते, गुरुजींना ‘सर’ म्हणते आणि रस्ता झाडणाऱ्या, वयाने आजोबांएवढ्या माणसाला ‘ए, इकडचा कचरा उचल’ म्हणते, ते कोठे शिकले? त्याने घरातील मोठ्यांचेच ऐकले. लीळाचरित्रात भक्तजनांच्या तोंडी क्षणोक्षणी ‘जी’ येतो. तो एकाक्षरी शब्द मुलाला सर्वांसाठी द्यावा, निवडक लोकांसाठी नव्हे. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभू कोणाच्या घरी जात, कोणाच्या अंगणात खेळत, याला मर्यादा नव्हती. तहानलेल्या मातंगांना त्यांनी पाणी मिळवून दिल्याची लीळा आपण भक्तिभावाने वाचतो. त्या लीळेचे पारायण झालेल्या घरात कामकरी बाईचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर मुलाने लीळा ऐकली काय आणि न ऐकली काय. त्याच्या नजरेने कप पाहिलेला आहे.

मुलांना लीळा सांगाव्यात काय, असे अनेक जण विचारतात. अवश्य सांगाव्यात, मात्र त्या सांगण्याची रीत आहे. दृष्टान्तपाठात केशोबासांनी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी रचना केली आहे. ती अभ्यासकासाठी आहे. लहान मुलाला दृष्टान्त सांगावा आणि दार्ष्टान्तिक त्याच्यावर सोडावे. सशाची लीळा घ्या. कुत्री मागे लागलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरतो. पारधी येऊन तो मागतात. स्वामी शरण आलेल्या जीवाला देत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. पारधी निघून गेल्यावर सशाला मोकळे करतात. एवढी सांगून थांबावे. ‘म्हणून बाळ, आपणही प्राण्यांना…’ असे सुरू केले की मूल उठून जाते. एका घरी ही लीळा ऐकून एक मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, “सशाचे पोट धडधडत असेल ना?” या प्रश्नाच्या पलीकडे मला तिला काही शिकवावयाचे नव्हते. ही लीळा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्ररूपानेही आता मिळते, असे तरुण मंडळी सांगतात. असू दे. पण पडद्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि सांगणाऱ्याच्या मांडीची ऊबही त्यात नाही.

आता त्या बाईंच्या मुलाकडे येतो. काही मुले स्वभावतःच बुजरी असतात. अनोळखी माणूस, मोठी दाढी, ध्वनिक्षेपकाचा आवाज, एवढी गर्दी. त्यात त्याला सर्वांपुढे उभे केले जाते. ते मान वाकवीत नाही यात अहंकार नाही, भय आहे. भ्यालेल्या जीवाला वाकविणे हे आपले काम नव्हे. अशा मुलाला अगोदर सांगून ठेवावे, ‘आज आपण अमुक ठिकाणी जाऊ, तिथे बाबा असतील, मी दंडवत करीन, तुला वाटले तर कर, नाही तर माझा हात धरून उभा राहा.’ घरी बाहुल्यांचा आश्रम मांडून हाच खेळ खेळावा. मुलाला महंत करावे आणि आपण भाजीवाले व्हावे. हात जोडता आले नाहीत तर हातात काही द्यावे, फूल, विड्याचे पान, काहीही. देणाऱ्या हातांना भय कमी वाटते.

आणि आम्हा आश्रमवासियांस एक विनंती. यात्रेच्या दिवसांत रांगेत आलेल्या मुलाने दंडवत केला नाही तर त्याच्या आईवडिलांकडे पाहू नये. आपण थोडे पुढे वाकून त्याला दंडवत म्हणावे आणि पुढच्या भक्ताकडे वळावे. रांग मोठी असते, एवढ्याने तिला उशीर होत नाही.

त्या गावी कार्तिकात पुन्हा जाणे झाले. बाई आल्या होत्या, मुलगाही होता. मी खाली बसून त्याला दंडवत म्हटले. तो पदराआड गेला. बाई काही बोलणार होत्या, मी त्यांना हातानेच थांबविले. निरूपण चालू असता मुलगा मागे फिरत होता. कोणाचे जोडे उलटे पडले होते ते सुलटे करून ठेवीत होता.